चढणीचा सॅमन, नदीचे मुख आणि पाऊस : नेमके जायचे केव्हा?

खाडीकाठ (धागाकर्ता)

चढणीच्या, म्हणजे अंडी घालायला समुद्रातून नदीत चढणाऱ्या, सॅमनसाठी नदीच्या मुखाशी गळ टाकायला लागून मला हे तिसरे वर्ष आहे. एवढ्या काळात पावसाबद्दल जितकी माणसे भेटली तितकी मते ऐकली, आणि त्यांतली बरीचशी एकमेकांना छेद देणारी होती. म्हणून मागच्या आठवड्यात जे पाहिले ते इथे जसेच्या तसे मांडतो. जाणकारांनी त्याचा अर्थ लावावा.

गुरुवारी नदी इतकी आटलेली होती की मुखावरच्या गोट्यांच्या दांड्यावरून पलीकडच्या काठाला घोटाभर पाण्यातून चालत जाता आले असते. आकाश निरभ्र होते आणि पाणी निवळशंख. दांड्याच्या समुद्राकडच्या बाजूला कोहो जातीचे सॅमन दर एक-दोन मिनिटांनी उसळी घेत होते, काही तर माझ्यापासून दोन काठ्यांच्या अंतरावर; पण चार तासांत चमचा (चमच्यासारखे धातूचे आमिष), स्पिनर (फिरत्या पात्याचे आमिष), पिसांचा जिग असे सगळे टाकून पाहिले तरी एकानेही तोंड लावले नाही. शुक्रवारी दुपारी भुरभुर सुरू झाली आणि त्याच सुमारास भरतीही चढू लागली. पहिल्या दीड तासात दोन मासे लागले आणि तिसरा पायाशी येऊन सुटला. रात्री पावसाने झोडपून काढले. शनिवारी पहाटे मोठ्या आशेने जाऊन पाहतो तर पाणी चहाच्या रंगाचे, त्यावरून फांद्या आणि पाने वाहत चाललेली, आणि दुपारपर्यंत ना गळाला ओढ, ना कुठे उसळी.

म्हणजे पावसाने मासा आणला, की नेला?

जुना_गळकरी

नेला. मुखावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने पाऊस मासा घेऊन जातो. तो आणतो वरच्या डोहांवर बसलेल्यांसाठी. ‘पाऊस आला की मासा येतो’ हे वाक्य मुळात त्या वरच्या मंडळींचे आहे, आणि मुखावरचे लोक ते उगाच आपले म्हणून सांगत फिरतात.

सॅमन समुद्रातून निघतो तो पावसाची वाट पाहून नव्हे. दिवसाची लांबी आणि अंगातली अंडी किंवा वीर्य पक्व होण्याची वेळ त्याला किनाऱ्याकडे ढकलते, आणि तो आपल्या नदीच्या तोंडाशी येऊन पोहोचतो. उन्हाळ्याच्या शेवटी नदी उथळ आणि कोमट असते. पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास गेले की सॅमन चढायला कचरतो, कारण गार पाण्याच्या मानाने कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो : १० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ११ मिलिग्रॅम, तर २० अंशांना सुमारे ९. त्यात चढणीच्या श्रमाला प्राणवायू जास्तच लागतो. मग हे मासे भरतीबरोबर आत येतात, ओहोटीबरोबर बाहेर जातात, आणि असे दिवसेंदिवस चालते. तुम्ही गुरुवारी पाहिलेला मासा हा असा दाराशी ताटकळलेला मासा होता. त्याने तोंड लावले नाही याचे मला नवल वाटत नाही. निवळ पाण्यात, भर उन्हात, आठवडाभर लोकांचे चमचे डोक्यावरून जाताना पाहिलेला मासा तो.

भुरभुर सुरू झाली तेव्हा दोन गोष्टी घडल्या. पाण्याच्या पृष्ठभागावर थेंबांची जाळी झाली, आतला उजेड मंदावला आणि मासा काठाजवळ यायला धजावला. शिवाय नदी चढायला अजून अवकाश असला तरी मासा अस्वस्थ झाला, आणि अस्वस्थ मासा चावतो. रात्री दार उघडले आणि सगळा जमाव वर निघून गेला. शनिवारी तुम्ही रिकाम्या ओसरीवर गळ टाकत होतात.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. आठ-दहा कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस, आणि त्यातही पाऊस लागल्यापासून नदीचा रंग बदलेपर्यंतचे काही तास, एवढाच मुखावरचा सुकाळ. पाणी मातकट झाले की मी सामान गुंडाळतो.

मोठीनदी

जुना_गळकरी यांचा अनुभव दांडगा आहे, पण त्यांनी नियम जरा सरसकट सांगितला असे वाटते. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या मुखाशी ‘बॉय १०’ म्हणून ओळखला जाणारा जो टापू आहे, तिथे सर्वांत जास्त गर्दी ऑगस्टमध्ये होते, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या जवळजवळ सर्वांत कोरड्या दिवसांत. तिथे होडीतले लोक पावसाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. भरतीचे वेळापत्रक तेवढे पाठ असते. कॅनडातल्या फ्रेझर नदीचेही तसेच. तिचे पाणी मुख्यतः वितळलेल्या बर्फाचे, तिचा मोठा पूर जूनच्या सुमाराचा, आणि मुखाशी दोन दिवस पाऊस पडला म्हणून तिच्या अंगावर शहाराही येत नाही. अशा नदीच्या मुखावर पावसाची वाट पाहत बसणारा माणूस हंगाम घालवून बसेल.

जुना_गळकरी

मान्य. मी लिहिले ते किनाऱ्यालगतच्या डोंगरांतून उतरणाऱ्या, लांबीने कमी आणि पावसावर जगणाऱ्या नद्यांना लागू आहे. अशी नदी एका रात्रीत चढते आणि दोन दिवसांत उतरते. कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉनच्या काही लहान नद्यांची मुखे तर कोरड्या दिवसांत वाळूच्या बांधाने पूर्ण बंदच होतात, आणि पाऊस तो बांध फोडतो तेव्हाच मासा आत शिरतो. खाडीकाठ यांनी वर्णन केलेली नदी या जातीची आहे, म्हणून मी ठामपणे बोललो.

क्षारवही

मी गळ टाकत नाही, पण माशांच्या शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास केला आहे, म्हणून मुखाशी मासा का रेंगाळतो याची दुसरी बाजू मांडते.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि सॅमनच्या रक्ताची क्षारता त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी असते. त्यामुळे समुद्रात असताना त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. नदीत शिरल्यावर सगळे उलटे होते. आता पाणी अंगात घुसू पाहते आणि क्षार निसटू पाहतात, म्हणून तो पाणी पिणे थांबवतो, भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकतो आणि त्याच कल्ल्यांनी क्षार आत ओढू लागतो. हा बदल मचव्याचे शीड फिरवावे तसा चटकन होत नाही. निमखाऱ्या पाण्यात त्याला थोडी उसंत मिळते, आणि मुखाचा पट्टा ती उसंत देतो.

आता पावसाचा आणि वासाचा संबंध. आपली नदी सॅमन वासाने ओळखतो, ही कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी १९५१ साली मांडली. पुढे १९७०च्या दशकात हॅस्लर यांच्या गटाने कोहोच्या पिल्लांना मॉर्फोलीन किंवा फेनेथाइल अल्कोहोल या रसायनांच्या अत्यंत विरळ पाण्यात वाढवून मिशिगन सरोवरात सोडले. मोठे झाल्यावर ज्या ओढ्यात ते ते रसायन सोडले होते, त्याच ओढ्याकडे ते मासे परतले. कोरड्या दिवसांत नदी आटलेली असते तेव्हा समुद्रात जाणारा तिचा वासही तोकडा असतो. पाऊस पडला की माती, पाने, शेवाळ या सगळ्यांचा अर्क घेऊन गोड्या पाण्याची जीभ समुद्रात दूरवर पसरते. तेव्हा जुना_गळकरी यांच्या वाक्याला मी एवढीच पुस्ती जोडेन की पाऊस दाराशी उभा असलेला मासा नेतो आणि त्याच वेळी बाहेर घोटाळणाऱ्या माशाला दाराचा पत्ता कळवतो. ही दुसरी तुकडी मात्र लगेच पोहोचत नाही.

जाता जाता एक गंमत. माणसाच्या कातडीतल्या एल-सेरीन या अमिनो आम्लाचा वास चढणीच्या सॅमनला सहन होत नाही. ब्रिटिश कोलंबियात १९५०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत माशांच्या शिडीच्या (बांधावरून मासे चढावेत म्हणून केलेल्या पायऱ्यांच्या) वरच्या बाजूला हात धुतलेले पाणी सोडले, तर खालचे मासे काही वेळ चढायचे थांबत. गळाला बोटे लावण्याआधी हात काठावरच्या चिखलात घोळवणाऱ्या जुन्या लोकांना कोणी हसू नये.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. एक भाबडा प्रश्न विचारतो. नदीकडे वळलेला सॅमन खाणे सोडतो असे सगळीकडे वाचतो. मग शुक्रवारी माझ्या चमच्याला त्याने तोंड का लावले?

क्षारवही

खाणे तो खरोखरच सोडतो, आणि पुढे त्याचे जठर आणि आतडी आक्रसत जातात. पण खाण्याची सवय अंगात मुरलेली असते. समोरून काही चमकत, थरथरत गेले की जबडा आपोआप मिटतो. मुखाशी नुकताच पोहोचलेला मासा त्यामानाने जास्त चावतो, कारण कालपरवापर्यंत तो समुद्रात शिकार करत होता.

पाणबगळा

मला वाटते की आपण ‘केव्हा’वर पुरेसे बोललो आणि ‘कुठे’ तसेच राहिले. पावसात मुखावर रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक लोक वेळ चुकवत नाहीत, जागा चुकवतात.

गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. नदीचे पाणी समुद्राला मिळते तेव्हा ते लगेच मिसळत नाही, ते वर झाकणासारखे पसरते आणि भरतीचे खारे पाणी त्याच्याखालून पाचरीसारखे आत घुसते. पावसानंतर वरचे झाकण मातकट होते आणि काठावरून पाहणाऱ्याला वाटते की सगळेच पाणी गढूळ झाले. प्रत्यक्षात कितीतरी वेळा हा गढूळ थर हातभर ते कमरेएवढाच असतो आणि त्याच्याखाली हिरवे, स्वच्छ समुद्राचे पाणी असते. मासा त्या दोन थरांच्या सांध्याखाली असतो. वर मातीचे छप्पर असल्यामुळे त्याला सुरक्षित वाटते आणि खाली त्याला सगळे दिसते.

चमचा पाण्यावर पडला की मी रीळ फिरवत नाही, मनात आकडे मोजतो. पहिल्यांदा चारपर्यंत, पुढच्या फेकीला सहापर्यंत, मग आठपर्यंत. गळाचे तंगूस बोटावर हलकेच टेकवून ठेवले तर एक जागा अशी कळते की जिथे ते एका बाजूला ओढले जाणे थांबते आणि क्षणभर ढिले पडते. नदीचा वाहता थर संपून खालचे संथ खारे पाणी लागल्याची ती खूण. तो आकडा लक्षात ठेवायचा आणि त्या दिवशी त्याच्याखालीच चमचा फिरवायचा. भरती चढेल तसा आकडा बदलतो, म्हणून दर अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचे. मागच्या हंगामात माझ्याशेजारी उभे असलेले एक गृहस्थ माझ्यासारखाच चमचा घेऊन सकाळभर गढूळ थरातून तो फिरवत होते आणि मला नशीबवान म्हणत होते.

पृष्ठभागावरचा सांधाही पाहावा. तपकिरी आणि हिरव्या पाण्याच्या सीमेवर फेसाची रेघ दिसते, तिच्यात पाने आणि काटक्या ओळीने अडकलेल्या असतात. ही रेघ भरतीबरोबर आत सरकते आणि ओहोटीबरोबर बाहेर जाते. गळ तिच्या मधोमध न टाकता पलीकडे टाकून तिच्याखालून आणावा. मधोमध टाकला तर दर फेकीला पान अडकून येते आणि पान अडकलेला स्पिनर फिरत नाही. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटी लागल्यावरचा पहिला तास मला सर्वांत फलदायी वाटतो.

रंगांवरून लोक हातघाईवर येतात, त्यात मी पडणार नाही. स्वच्छ पाण्यात लहान आणि चंदेरी, गढुळात मोठे, भडक आणि पाण्याला जास्त धक्का देणारे गोल पाते, एवढे पुरे. पिंक जातीच्या सॅमनला गुलाबी आणि चम जातीच्या सॅमनला पोपटी आवडतो असे म्हणतात, आणि मीही तसेच बांधतो.

थंडहात

सगळे माशाबद्दल लिहीत आहेत, म्हणून माणसाबद्दल लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका दांड्यावर जवळजवळ अडकलो होतो. भरतीच्या तक्त्यात जी उंची लिहिली होती तिच्या हिशेबाने दांड्याचा माथा कोरडा राहायला हवा होता, आणि तो राहिला नाही. कारण नंतर कळले. हवेचा दाब १ मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटरने चढते. वादळी पावसात दाब ३० मिलिबारने खाली गेला तर तक्त्यापेक्षा फूटभर पाणी जास्त चढू शकते. त्यावर वाऱ्याने लोटलेले पाणी वेगळे, आणि मागून चढणारी नदी आणखी वेगळी. हे सगळे एकत्र आले तेव्हा परतीची वाट, जी येताना घोटाभर होती, ती मांडीपर्यंत भरली होती आणि तळाचे गोटे पायाखालून घरंगळत होते.

मी पडलो. छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीवर कमरेचा पट्टा आवळलेला होता म्हणून आत पाणी फार शिरले नाही. पट्टा नसता तर त्या विजारीचा पखाल होऊन उठणेच कठीण गेले असते. पहिला मिनिटभर श्वासावर ताबा नव्हता, धाप नुसती आपोआप लागत होती. सात-आठ मिनिटांनी काठावर पोहोचलो तेव्हा मोटारीची किल्ली खिशातून काढायला बोटे वळेनात. शेवटी ती दातांनी काढली.

तेव्हापासून पावसात जाताना मी एक गोष्ट करतो. पोहोचल्या पोहोचल्या परतीच्या वाटेवर पाण्याच्या कडेला एक ओळखू येईल असा गोटा ठेवतो आणि दर वीस मिनिटांनी मागे वळून पाहतो. गोटा बुडाला की निघायचे, मग समोर कितीही मासे उसळत असोत. फुगणारे जाकीट आता अंगावर असतेच.

उत्तरवारा

जपानच्या होक्काइदो बेटावरचा अनुभव सांगतो, कारण तिथे ‘मुख’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. जपानमध्ये नदीत शिरलेला सॅमन धरणे कायद्याने बंद आहे. १९५१ सालापासूनच्या मत्स्यसंपत्ती संरक्षण कायद्यात ही बंदी आहे. त्यामुळे हौशी माणसाला मुखाबाहेरचा समुद्रकिनारा एवढीच जागा उरते, आणि तिथेही पुष्कळ मुखांच्या डाव्या-उजव्या बाजूला ठरावीक अंतरापर्यंत आणि ठरावीक तारखांना मनाई असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तिथे येतो तो मुख्यतः चम. लोक एक तरंगता गोळा, त्याच्याखाली चमचा, चमच्याच्या गळाला स्क्विडचा लांबट तुकडा अशी बांधणी करतात आणि ती अगदी संथपणे ओढतात; घाई केली की चमचा वर येतो आणि चम वर येत नाही.

तिथल्या पावसाचे गणित जुना_गळकरी यांच्या गणिताशी जुळते, फक्त हळहळ जास्त असते. मोठा पाऊस झाला की किनाऱ्यावरचा मासा एका रात्रीत नदीत जातो, आणि मग पुलावरून खाली शेकडो पाठी पाण्याबाहेर आलेल्या दिसतात. त्यांना हात लावता येत नाही. तिथल्या शिरेतोको द्वीपकल्पाच्या बाजूला त्याच माशांसाठी अस्वले खाली उतरतात, तेव्हा धुक्यात आणि पावसात एकट्याने जाऊ नये आणि धरलेला मासा वाळूवर उघडा टाकू नये.

मोठीनदी

नियमांचा विषय निघालाच आहे म्हणून थोडक्यात. पावसात, अंधुक उजेडात जात ओळखण्याची चूक सहज होते आणि ती महागात पडते. चिनूक जातीच्या सॅमनच्या हिरड्या काळ्या असतात आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके असतात. कोहोचे तोंड काळपट असले तरी दातांच्या मुळाशी हिरडी पांढरट असते आणि ठिपके बहुधा वरच्याच पाकळीवर असतात. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनमध्ये पुष्कळ ठिकाणी फक्त उबवणी केंद्रातला मासा ठेवता येतो. त्याचा पाठीवरचा, शेपटीजवळचा मांसल पर कापलेला असतो आणि तिथे भरून आलेला व्रण दिसतो. तो पर शाबूत असेल तर मासा पाण्यातच ठेवून सोडायचा, म्हणून उलट्या काट्याशिवायचा गळ वापरलेला बरा. आणि ताटकळलेल्या माशांच्या गर्दीतून जड गळ हिसके देत ओढून पोटात, पाठीत अडकवणे हा प्रकार बेकायदा तर आहेच, पण बघवतही नाही.

पाणबगळा

शेपटीजवळ पोटाकडच्या बाजूला तपकिरी सागरी उवा चिकटलेल्या असतील तर मासा समुद्रातून नुकताच आलेला आहे असे समजावे. गोड्या पाण्यात त्या काही दिवसांत गळून पडतात.

क्षारवही

पावसाबद्दल एक वेगळी आणि कडू गोष्ट नोंदवते, कारण कोहोविषयी बोलताना ती टाळता येत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या खाडीच्या परिसरातल्या शहरी ओढ्यांत शरदातल्या पावसानंतर चढलेले कोहो अंडी घालण्याआधीच मरताना कित्येक वर्षे दिसत होते. मासा पृष्ठभागावर गोल गोल फिरतो, तोंड उघडे टाकतो, आडवा होतो आणि काही तासांत मरतो. काही ओढ्यांत आलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे असे गेल्याच्या नोंदी आहेत. डिसेंबर २०२०मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी याचे कारण ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मोटारीच्या टायरमध्ये रबर टिकावे म्हणून ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन ६पीपीडी-क्विनोन तयार होते, आणि रस्त्यावर झिजून पडलेल्या टायरच्या कणांतून पाऊस ते ओढ्यात नेतो. त्याच पाण्यात चम मात्र जवळजवळ धडधाकट राहतो. तेव्हा ज्या पावसाची आपण वाट पाहत आहोत, तो रस्त्यांच्या जाळ्यातून वाहत येणाऱ्या नदीत कोहोला दार उघडून आत घेतो आणि आतच मारतो.

जुना_गळकरी

हे वाचून एका ओढ्याची आठवण झाली. तिथे मी पाण्याला दोष देत होतो, गाळाला दोष देत होतो, अगदी मासे खाणाऱ्या सील प्राण्यांनाही देत होतो. रस्ता डोक्यात आला नव्हता.

खाडीकाठ

काल पुन्हा गेलो होतो, म्हणून धाग्यावर परत आलो. अकरा दिवस कोरडे गेले होते, पाऊस दुपारी तीनला लागणार असा अंदाज होता आणि भरतीचा माथा साडेपाचला. मी दोन वाजताच पोहोचलो, थंडहात यांच्या सांगण्याप्रमाणे वाटेवर एक पांढरा गोटा ठेवला आणि फेसाच्या रेघेपलीकडे फेकून आकडे मोजू लागलो. पाचपर्यंत तंगूस उजवीकडे ओढले जात होते, सहाला ते ढिले पडले. हे इतके स्पष्ट कळेल असे वाटले नव्हते. मी दोन-तीनदा नुसते तेच तपासत राहिलो.

पावसाचे पहिले थेंब पडल्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी पहिला मासा लागला. कोहो, पर कापलेला, पोटाशी तीन उवा. दुसऱ्याचा पर शाबूत होता, तो पाण्यातूनच सोडला. तिसरा लागला तेव्हा मागे वळून पाहिले तर गोटा दिसेना. मासा अजून दूर होता आणि रीळ करकरत होते. मी काठी उंच धरून मागे मागे सरकत उथळ भागापर्यंत आलो आणि तिथे पोहोचेपर्यंत त्याने गळ झटकून टाकला होता.

काठावर येऊन मागे पाहिले तेव्हा दांड्याचा माथा पाण्याखाली गेला होता आणि रेघेच्या अलीकडचे पाणी तपकिरी होऊ लागले होते. आज नदीच्या मापकाचे आकडे पाहिले : रात्री नऊपासून पाणी चढते आहे. पुढची फेरी नदी उतरल्यावर आणि पुन्हा आठवडाभर कोरडे गेल्यावर. पाणबगळा, ओहोटी लागल्यावर तो सहाचा आकडा वर सरकतो की खाली, तेवढे सांगा.

पाणबगळा

बहुधा सांधा खाली, खोलीकडे सरकतो. ओहोटीत नदीचा थर जाड होतो आणि आकडा वाढतो. पण नदी आटलेली असेल तर थर फाटून सगळे मिसळते, तेव्हा मोजूनच पाहा.